गावातल्या प्रयोगशाळेत उपग्रहाच्या कणशोधकाची ट्रिगर साखळी: बांधणी, मोजणी आणि बिघाड

भारताचा खगोल-उपग्रह ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला कक्षेत गेला. त्यावरच्या सीझेडटी इमेजर या क्ष-किरण टिपणाऱ्या उपकरणात ६४ शोधक तुकडे आहेत आणि प्रत्येकात २५६ पिक्सेल, म्हणजे एकूण १६,३८४. यातल्या कुठल्याही पिक्सेलला कण धडकला की तेवढ्याशा विद्युतभाराचा आकडा करायचा, त्यावर वेळेचा शिक्का मारायचा आणि ती नोंद जमिनीवर पाठवायची. हे काम करणाऱ्या साखळीला रीडआउट म्हणतात. आलेला ठोका ठेवायचा की सोडून द्यायचा, हे ठरवणारा भाग म्हणजे ट्रिगर. ही साखळी शिकायला उपग्रह लागत नाही. आपल्या डोक्यावरच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन (अवकाशातल्या किरणांमुळे वर हवेत तयार होणारा, इलेक्ट्रॉनसारखा पण जड कण) जातो, टिनाचं छत असो की स्लॅब. तो पकडणारं छोटं यंत्र तालुक्याच्या कॉलेजात किंवा गावच्या शाळेत बांधता येतं, आणि त्यात येणाऱ्या अडचणी उपग्रह बांधणाऱ्यांच्या अडचणींशी बऱ्याच जुळतात.

हा लेख बीएससी, डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्या सरांसाठी, मॅडमसाठी आहे. सोल्डरिंग येतं आणि ओहमचा नियम पक्का आहे, एवढं आम्ही धरून चाललो आहोत.

सामान

प्लास्टिक सिंटिलेटरच्या (कण गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या) तीन पाट्या, प्रत्येकी ५ × ५ सेंटीमीटर, जाडी १ सेंटीमीटर. ईजे-२०० किंवा बीसी-४०८ जातीचं प्लास्टिक चालतं. प्रत्येक पाटीला एक सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे मंद प्रकाशाचा विद्युत ठोका करणारा सेन्सर, ६ × ६ मिलिमीटरचा. पुढचे आकडे मायक्रोएफसी-६००३५ या भागाचे आहेत. गेन-बँडविड्थ (गेन आणि पेलणारी वारंवारता यांचा गुणाकार) १०० मेगाहर्ट्झच्या वर असलेला ऑपॲम्प, टीएलव्ही३५०१ हा वेगवान कम्पॅरेटर, ७४एचसी२२१ आणि ७४एचसी०८ या आयसी, दहा फेऱ्यांचे ट्रिमपॉट, आर्डुइनो नॅनो, डीएस१८बी२० तापमान सेन्सर, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी, ७८०५ रेग्युलेटर. पाट्या आणि सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर ऑनलाइन मागवावे लागतात. रेझिस्टर, कपॅसिटर, लॉजिक आयसी नागपूर किंवा अमरावतीच्या दुकानात मिळतात.

दुकानदार ऑपॲम्प म्हणून एलएम३५८ आणि कम्पॅरेटर म्हणून एलएम३९३ हातात ठेवतो. दोन्ही घेऊ नका. आपला ठोका जेमतेम २०० नॅनोसेकंदांचा आहे. एलएम३५८ ची गेन-बँडविड्थ १ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे वीस पट गेन मागितला की हाती ५० किलोहर्ट्झ उरतात आणि ठोका पंधराव्या-सोळाव्या हिश्श्यावर येतो. एलएम३९३ ला उत्तर द्यायलाच मायक्रोसेकंदाच्या वर वेळ लागतो. सर्किट बरोबर, जोडणी बरोबर, तरी काहीच दिसत नाही, असं झालं की आधी आयसीवरचा नंबर वाचा.

फोटोमल्टिप्लायर नळीने सुरुवात करू नका. तिला ८०० ते १,००० व्होल्ट लागतात आणि शिकणाऱ्याच्या हाताशी ते नसलेलेच बरे. सिलिकॉनचं काम २७ व्होल्टमध्ये होतं.

पायरी १: पाटी गुंडाळणे

म्युऑन पाटीतून सरळ गेला तर १ सेंटीमीटरमध्ये सुमारे २० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सोडतो आणि त्यातून जवळपास २०,००० निळसर फोटॉन निघतात. आकडा मोठा वाटतो, पण पाटीचा एकूण पृष्ठभाग ७,००० चौरस मिलिमीटर आणि सेन्सर फक्त ३६ चौरस मिलिमीटरचा. म्हणजे हजारातली पाच जागा. उरलेला प्रकाश परत परत उसळून सेन्सरपर्यंत पोहोचला तरच ठोका मोठा येतो. म्हणून आधी नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप चार-पाच थर, मग ॲल्युमिनियम फॉइल, मग काळी इन्सुलेशन टेप दोन थर. सेन्सर बसतो तेवढीच खिडकी सोडा. पाटी आणि सेन्सरमध्ये ऑप्टिकल ग्रीसचा पातळ थर द्या. तिथे हवेचा बुडबुडा राहिला तर प्रकाश तिथूनच परततो.

पाटीला उघड्या बोटांनी हात लावू नका, घामाचे डाग पृष्ठभाग खराब करतात. स्पिरिटने पुसायचा मोहही टाळा; प्लास्टिकवर बारीक चिरा पडू शकतात. साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड पुरतं.

गळती तपासायची पद्धत सोपी आहे. पाटी चालू ठेवून मोबाइलच्या टॉर्चने प्रत्येक कडेवर प्रकाश टाका आणि मोजणी पाहा. कुठे वाढली तर तिथे टेप. रात्री मोजणी कमी आणि दुपारी जास्त येत असेल, तर आधी गळती समजा. सूर्याचा परिणाम वगैरे निष्कर्ष नंतर.

पायरी २: बायस आणि तापमान

सेन्सरला बाहेरून सतत द्यायचा व्होल्टेज म्हणजे बायस, आणि ज्याच्या वर गेल्यावर तो ठोके देऊ लागतो तो ब्रेकडाउन व्होल्टेज. या सेन्सरचा ब्रेकडाउन व्होल्टेज २१ अंशाला साधारण २४.५ व्होल्ट. त्यावर अडीच व्होल्ट जास्त द्यायचे, म्हणजे २७ व्होल्टचा बायस. बायस १० किलोओहम रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरड कपॅसिटरच्या फिल्टरमधून कॅथोडला, आणि ॲनोड ५० ओहममधून ग्राउंडला. सेन्सर हजारो सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो; फोटॉनने पेटलेल्या एका पेशीतून सुमारे ३० लाख इलेक्ट्रॉन म्हणजे जवळपास अर्धा पिकोकूलंब येतो. म्युऑनने पन्नास पेशी पेटवल्या तर ५० ओहमवर पाच-सात मिलिव्होल्टचा ठोका दिसतो. वीस पट गेननंतर शंभर-सव्वाशे मिलिव्होल्ट.

पहिल्या दिवशी बायससाठी बूस्ट कन्व्हर्टर लावू नका. ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडा. नव्या बॅटऱ्या साडेअठ्ठावीस व्होल्टपर्यंत देतात, तेही या सेन्सरला चालतं. प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये असल्यानं बॅटऱ्या महिनोन्महिने टिकतात. नंतर कन्व्हर्टर लावल्यावर खोट्या ठोक्यांची गर्दी झाली, तर ती त्याच्या स्विचिंगची आहे हे बॅटऱ्यांशी तुलना करून लगेच कळतं.

आता उन्हाळा. ब्रेकडाउन व्होल्टेज दर अंशाला २१.५ मिलिव्होल्टनं वाढतो. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात टिनाच्या खोलीत ४५ अंश सहज होतात. २१ वरून ४५ म्हणजे २४ अंश, म्हणजे अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक. अडीच व्होल्टची वरकड दोनवर आली आणि गेन पाचव्या हिश्श्यानं घटला. शिवाय अंधारातले आपोआप उडणारे ठोके दर १० अंशांना साधारण दुप्पट होतात; २१ अंशाला सेकंदाला १२ लाख असले, तर बायसची भरपाई करून ४५ अंशाला साठ लाखांच्या घरात जातात. त्यांचा प्रवाहही फिल्टरच्या रेझिस्टरमधूनच जातो. म्हणून तिथे १० किलोओहम ठेवा. १०० किलोओहम ठेवला तर उन्हाळ्यात तिथेच तीनचारशे मिलिव्होल्ट पडतात आणि बायस न सांगता खाली येतो.

उपाय दोन. तापमान सेन्सर पाटीच्या अगदी शेजारी ठेवून प्रत्येक नोंदीसोबत तापमान लिहा, हा पहिला. बायस हातानं किंवा प्रोग्रामनं दर अंशाला २१.५ मिलिव्होल्टनं वाढवा, हा दुसरा. पहिला कधीच सोडू नका. तापमानाची नोंद असेल तर चूक नंतर दुरुस्त करता येते. उपग्रहात तर एकाच प्रदक्षिणेत ऊन आणि सावली येते. तिथे तापमान, बायस आणि प्रवाह यांची वेगळी धार सतत जमिनीवर येत असते. तिला हाउसकीपिंग म्हणतात.

कुलरच्या झोतात यंत्र ठेवू नका. तापमान उतरतं, पण दमट हवेनं बोर्डावर गळती प्रवाह वाढतो आणि पंख्याच्या मोटरची खरखर सिग्नलमध्ये येते.

पायरी ३: उंबरठा ठरवणे

कम्पॅरेटर एकच प्रश्न विचारतो: ठोका या रेषेच्या वर गेला का? ती रेषा म्हणजे उंबरठा. खळ्यावर उफणताना वारा कमी पडला तर भुसा धान्यात येतो आणि जास्त झाला तर हलके दाणेही उडून जातात, तसंच इथे आहे. फरक एवढाच की इथे वारा किती हवा हे मोजून ठरवता येतं.

ट्रिमपॉटनं उंबरठा १० मिलिव्होल्टवर ठेवा, साठ सेकंद मोजा, लिहा. मग २०, मग ३०, असं २०० पर्यंत. आलेख काढताना मोजणीचा अक्ष लॉगरिदमिक घ्या, म्हणजे १०, १००, १,००० समान अंतरावर येतील. सुरुवातीला रेष कड्यासारखी कोसळते, तो सेन्सरचा स्वतःचा गोंगाट. मग उतार मंदावतो, त्या गुडघ्याच्या थोडं पुढे तुमचा उंबरठा. वर दिलेल्या आकड्यांनी तो ४० ते ६० मिलिव्होल्टच्या मध्ये यायला हवा.

गुडघा दिसतच नसेल तर तीन कारणं बहुतेक वेळा सापडतात. सेन्सर पाटीला नीट चिकटला नाही. गेन कमी आहे. किंवा कम्पॅरेटरचं आउटपुट एका ठोक्यावर दोन-तीनदा हलतं. तिसऱ्याची खूण अशी की ऑसिलोस्कोपवर मुख्य ठोक्यामागे बारीक दात दिसतात. तेव्हा आउटपुटपासून नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटला मोठा रेझिस्टर लावून थोडा हिस्टेरिसिस (चढताना आणि उतरतानाच्या उंबरठ्यातला फरक) वाढवा. कॉलेजात २० मेगाहर्ट्झचा जुना सीआरओ असेल तरी या कामाला पुरतो.

एकट्या पाटीची मोजणी मिनिटाला पंचवीसपेक्षा बरीच जास्त येईल. भिंतीतल्या विटा, माती, वाळू यांतल्या पोटॅशियम-४० आणि थोरियमच्या साखळीतून गॅमा किरण येत असतात, तेही पाटीला दिसतात. यंत्र बिघडलेलं नाही. म्हणूनच पुढची पायरी लागते.

पायरी ४: जोडठोका

म्युऑन दोन पाट्या भेदून जातो, भिंतीतला गॅमा बहुधा एकाच पाटीत संपतो. मग दोन्ही पाट्या एकाच वेळी बोलल्या तरच मोजायचं. ही कल्पना वाल्टर बोटे यांची. १९५४ चं नोबेल त्यांना याच पद्धतीसाठी मिळालं. १९३० मध्ये ब्रुनो रॉस्सी यांनी व्हॉल्व्ह वापरून तिचं चांगलं सर्किट केलं. आपल्याकडे ते काम ७४एचसी०८ मधला एक अँड गेट करतो.

प्रत्येक कम्पॅरेटरमागे ७४एचसी२२१ चा मोनोस्टेबल (दर ठोक्याला ठरलेल्या रुंदीचा एक ठोका देणारं सर्किट) लावा, ४.७ किलोओहम आणि १५० पिकोफॅरड. ठोका जवळपास अर्ध्या मायक्रोसेकंदाचा होतो; नेमकी रुंदी ऑसिलोस्कोपवर मोजून वहीत लिहा. दोन्ही मोनोस्टेबल अँड गेटला, गेट आर्डुइनोच्या इंटरप्ट पिनला (इथे ठोका येताच प्रोग्राम हातातलं काम थांबवून त्याची दखल घेतो). एवढ्या अरुंद ठोक्यावर आर्डुइनो कधी चुकतो, म्हणून मध्ये आणखी एक मोनोस्टेबल घालून तो १० मायक्रोसेकंद रुंद करा.

हा भाग घाईनं करू नका. दोन पाट्यांमध्ये काही संबंध नसलेले ठोके योगायोगानंही एकत्र येतात. त्यांचा दर = २ × ठोक्याची रुंदी × पहिल्या पाटीचा दर × दुसऱ्या पाटीचा दर. उंबरठा खाली ठेवून दोन्ही पाट्या सेकंदाला २,००० ठोके देत असतील, तर २ × ०.००००००५ × २,००० × २,००० = सेकंदाला ४. मिनिटाला २४० खोटे. १० सेंटीमीटर अंतरावर ठेवलेल्या दोन पाट्यांतून खरे म्युऑन मिनिटाला दोनच येतात! उंबरठा वर नेऊन दर सेकंदाला ५० वर आणला, तर खोटे तासाला नऊ होतात आणि खरे सव्वाशेच्या आसपास राहतात. आता मोजणीला अर्थ आला. दर चाळीस पट घटला की खोटे सोळाशे पट घटतात, हा गुणाकाराचा फायदा नीट मनात बसवा.

खोटे किती हे गणितावर न सोडता मोजा. एका पाटीचा ठोका आणखी एका मोनोस्टेबलनं दोन मायक्रोसेकंद उशिरा द्या. खरे म्युऑन आता जुळणार नाहीत, जे उरले ते योगायोग. हा आकडा रोज एकदा घ्या.

जोडठोके खरोखर म्युऑनचेच का, याची खात्री अशी करा: पाट्या एकमेकींवर ठेवल्या तर मिनिटाला दहा ते वीस, १० सेंटीमीटर अंतरावर दोन. मग दोन पाट्यांची चौकट उभ्या रेषेपासून तिरपी करा. ३० अंशांना पाऊण, ६० अंशांना पाव दर यायला हवा. १०० मोजणीत चूक १० टक्के असते, म्हणजे उभ्या स्थितीत किमान पन्नास मिनिटं द्या, ६० अंशांना त्याच्या चौपट. ३ टक्क्यांपर्यंत जायचं तर हजारेक मोजणी, म्हणजे आठ तासांच्या वर. संध्याकाळी लावा, सकाळी पाहा.

आपल्या भागातले खोटे ठोके

बाहेरच्या मार्गदर्शिकांत हे सहसा सापडत नाही, म्हणून सविस्तर.

वावराच्या कुंपणावरचं झटका मशीन पहिलं घ्या. रानडुक्कर आणि रोही आत येऊ नयेत म्हणून तारेत साधारण सेकंदाला एक, हजारो व्होल्टचा झटका सोडणारी ही पेटी आता गावोगावी आहे. किलोमीटरभर तार म्हणजे मोठी अँटेनाच. तो झटका सगळ्या पाट्यांच्या वायरींमध्ये एकाच वेळी घुसतो. एकाच वेळी घुसतो म्हणून जोडठोक्यानं तो गाळला जात नाही, उलट प्रत्येक झटका पक्का जोडठोका म्हणून नोंदला जातो. मिनिटाला दोनच्या जागी पन्नास-साठ दिसू लागले तर हे आधी तपासा. ओळखायची खूण अचूक आहे: दोन लागोपाठच्या नोंदींमधलं अंतर काढून आलेख करा. म्युऑन कधीही येतात, त्यामुळे लहान अंतरं सर्वांत जास्त आणि मोठी क्रमानं कमी, असा घसरता आलेख हवा. एक सेकंदाच्या आसपास टोकदार सुळका उभा राहिला तर ते कुंपण. १० मिलिसेकंदांवर सुळका असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, कारण ५० हर्ट्झच्या लाईनवर तो सेकंदाला शंभरदा स्विच होतो.

कृषीपंपांची थ्री फेज लाईन आली की आजूबाजूच्या मोटरी एकापाठोपाठ सुरू होतात, आणि स्टार्टरचे कॉन्टॅक्टर ठिणग्या टाकतात. लाईनचं वेळापत्रक आठवड्याआठवड्याला बदलतं. ते वहीत लिहून नोंदींशी ताडून पाहा.

यावर उपाय करताना क्रम पाळा. यंत्र लाईनवरून पूर्ण सोडवून १२ व्होल्ट बॅटरीवर घ्या. सगळं मिळून १०० मिलिअँपिअर धरले तर ७ अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी वापरून ३५ तास चालते. दिवसा १० वॅटचं सोलर पॅनल तिला भरून काढतं. चार्जरच्या स्विचिंगचा त्रास असेल तर मोजणी रात्री. मग पाट्या आणि ॲम्प्लिफायर पत्र्याच्या डब्यात, बिस्किटाचा चौकोनी डबा उत्तम. पाटी ते बोर्ड वायर कोॲक्सिअल आणि शक्य तितकी आखूड. सगळ्यांचा ग्राउंड एकाच बिंदूवर आणा. दोन ठिकाणी ग्राउंड झाला की त्या वळशात झटक्याचा प्रवाह फिरतो.

शेवटी डब्यात एक आंधळी वाहिनी ठेवा: तसाच सेन्सर, तसाच ॲम्प्लिफायर, पण सिंटिलेटरशिवाय. म्युऑनला ती बोलणार नाही. बोलली तर तो ठोका बाहेरचा आहे, त्या नोंदीवर खूण करा. थोडा खर्च वाढतो, पण आमच्या मते या यंत्रातली ती सर्वांत उपयोगी भर आहे.

अर्थिंगवर भरवसा ठेवण्याआधी खड्डा बघा. काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा होतो आणि अर्थ नुसता नावाला उरतो. खड्ड्यात पाणी टाकत राहा. जूनमध्ये ढग गडगडू लागले की बाहेर गेलेली प्रत्येक वायर काढून ठेवा.

पायरी ५: आंधळा वेळ

जिनिंगच्या काट्यावर एक गाडी उभी असताना दुसरी मोजता येत नाही. शोधकातही एक ठोका वाचून लिहिला जाईपर्यंत यंत्र पुढच्या ठोक्याला आंधळं असतं, हाच डेड टाइम. आर्डुइनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) एका वाचनाला सुमारे ११० मायक्रोसेकंद घेतो. पण खरा वेळ खातं ते लिहिणं. ९,६०० बॉडवर (सेकंदाला ९,६०० बिट) तीस अक्षरांची ओळ पाठवायला ३१ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला २० ठोके येत असले आणि प्रत्येक ओळ संपेपर्यंत थांबलात, तर मोजले जातात २० ÷ (१ + २० × ०.०३१), म्हणजे १२.३. चाळीस टक्क्यांच्या जवळपास गेले आणि फाइलमध्ये त्याचा मागमूस नाही.

१,१५,२०० बॉड केल्यावर तीच ओळ २.६ मिलिसेकंदांत जाते. दुसरा उपाय रांगेचा. काट्याबाहेर चार गाड्या उभ्या राहायला जागा असेल तर कुणी परत जात नाही, तसं. आर्डुइनोच्या सिरीयलला ६४ बाइटची रांग आधीच असते, दोन ओळी मावतात. तिसरी आली की प्रोग्राम अडतो. इंटरप्टमध्ये फक्त वेळ आणि पाटीचा क्रमांक एका रिंग बफरमध्ये टाका. लिहिण्याचं काम मुख्य लूपवर सोडा. उपग्रहात हेच काम एफपीजीए या आतली जोडणी बदलता येणाऱ्या चिपमधली फिफो नावाची रांग करते. बफर भरला तर तेवढे ठोके गेले, आणि ते किती गेले याचा वेगळा मोजक ठेवा.

इथे १९५८ ची गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ वरचा गायगर मोजक (कण मोजणारी नळी) काही उंचीवर शून्य दाखवू लागला. तिथे कण नव्हते असं नाही. इतके होते की मोजक एका ठोक्यातून सावरायच्या आत दुसरा येत होता आणि आउटपुटच येईना. शास्त्रज्ञ जेम्स व्हॅन ॲलन यांच्या गटानं हे ओळखलं आणि पृथ्वीभोवतीचे किरणोत्सारी पट्टे सापडले. तुमच्या बोर्डावरही हे घडू शकतं: ७४एचसी२२१ च्या जागी ७४एचसी१२३ बसवला तर तो प्रत्येक नव्या ठोक्याला स्वतःची वेळ पुन्हा सुरू करतो. गोंगाट वाढला की आउटपुट सतत वरच राहतं, कडा येत नाहीत आणि मोजणी शून्य. म्हणून आम्ही २२१ सांगितला.

ठोक्याची उंचीही मोजायची असेल तर पीक-होल्ड सर्किट लागतं: डायोड, १ नॅनोफॅरड, १ मेगाओहम. त्याचा कालांक १ मिलिसेकंद, म्हणून ११० मायक्रोसेकंदांत उंची १० टक्क्यांनी उतरते. उतरू द्या, पण प्रत्येक वेळी एवढीच उतरायला हवी. इंटरप्टनंतर एडीसी सुरू होण्याची वेळ ठरलेली ठेवा. मध्ये कधी एसडी कार्डावर लिहिणं शिरलं तर आकडे विनाकारण पसरतात.

पायरी ६: नकाराची पाटी

तिसरी पाटी उलट्या कामाला लावा. ती बोलली तर ठोका टाकायचा. गॅमा किरण शोधणाऱ्या उपग्रहाला विद्युतभारित कण नकोच असतात, म्हणून त्याच्याभोवती असं कवच असतं. सीझेडटी इमेजरच्या खाली याच कामासाठी सिझियम आयोडाइडचा शोधक आहे. ११ जून २००८ ला गेलेल्या फर्मी उपग्रहाच्या मुख्य दुर्बिणीवर ८९ प्लास्टिक सिंटिलेटरच्या फरशा आहेत.

८९ तुकडे का, एकच घुमट का नाही? १९९१ मध्ये अवकाशात गेलेल्या एग्रेट या गॅमा दुर्बिणीला एकच अखंड घुमट होता. १० गिगॅ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि त्यावरचा गॅमा आतल्या कॅलरीमीटरवर (ऊर्जा मोजणाऱ्या भागावर) आदळला की काही तुषार मागे उसळून घुमटाला लागायचे आणि उपकरण आपलाच चांगला ठोका टाकून द्यायचं. तुकडे केले की कणाच्या वाटेवरच्या फरशीलाच विचारता येतं.

बोर्डावर करताना नकाराचा ठोका १ मायक्रोसेकंद रुंद ठेवा आणि बाकीचे ठोके २०० नॅनोसेकंद उशिरा द्या. नकार उशिरा पोहोचला तर गेटमधून एक अरुंद काटा निसटतो आणि नोंद होते. नकाराची किंमतही मोजा: ती पाटी सेकंदाला २,००० ठोके देत असेल तर ०.२ टक्के वेळ गेट बंद, प्रकाशगळतीनं १ लाख देऊ लागली तर १० टक्के. शिवाय टाकलेल्या ठोक्यांतला दर शंभरावा तरी ठेवून द्या. नकार चुकत होता का, हे तपासायचा दुसरा मार्ग नाही.

कक्षेत काय वेगळं असतं

पाठवायची जागा कमी. ३२ बाइटच्या हजार नोंदी सेकंदाला म्हणजे दिवसाला पावणेतीन गिगाबाइट. लहान उपग्रह दिवसात चार वेळा, दहा-दहा मिनिटं, सेकंदाला १० लाख बिटनं बोलला तर एकूण ३०० मेगाबाइट उतरतात. नवातला एक भाग. आठ भाग वरच सोडायचे, आणि काय सोडलं हे मोजकांत लिहून पाठवायचं. फर्मीत ट्रिगर सेकंदाला काही हजार वेळा लागतो, गाळून खाली येतात त्या काही शे नोंदी.

सिलिकॉन पट्ट्यांच्या शोधकात सेन्सर स्वतः सिग्नल वाढवत नाही. ३०० मायक्रोमीटर जाडीतून जाणारा कण २२,००० च्या आसपास इलेक्ट्रॉन देतो, म्हणजे साडेतीन फेम्टोकूलंब. तिथे चार्ज ॲम्प्लिफायर, मग मायक्रोसेकंदाचा शेपर (ठोक्याला आकार देणारं सर्किट), अशा डझनावारी वाहिन्या एका चिपवर असतात.

एखादा जड कण मेमरीतला बिट उलटवतो. म्हणून महत्त्वाचे मोजक तिहेरी ठेवून बहुमतानं वाचतात आणि एफपीजीएची मेमरी ठरावीक वेळानं पुन्हा लिहितात. लॅचअप झालं (कणामुळे चिपमध्ये आतल्या आत शॉर्ट झाला) तर चिप एकदम प्रवाह ओढते, तेव्हा करंट लिमिटर मिलिसेकंदांत पुरवठा तोडतो. निर्वातात पंखा निरुपयोगी, उष्णता तांब्याच्या थरांतून चौकटीकडेच न्यावी लागते. हाय व्होल्टेज प्रक्षेपणानंतर लगेच लावत नाहीत. थोडी हवा उरलेली असताना ठिणगी सर्वांत सहज पडते. दक्षिण अटलांटिकवरून जाताना कणांची गर्दी इतकी वाढते की कित्येक उपकरणं तेवढी मिनिटं बंद किंवा कमी व्होल्टेजवर ठेवतात.

पायरी ७: नोंदीची ओळ

प्रत्येक ठोक्याला: क्रमांक, मायक्रोसेकंदांत वेळ, कोणत्या पाट्या बोलल्या, उंची, आंधळ्या वाहिनीची खूण. मायक्रोसेकंदांचा मोजक सत्तर मिनिटांच्या आसपास पुन्हा शून्यावर येतो, त्याची भर प्रोग्राममध्ये घाला. आर्डुइनोचं घड्याळ उन्हात सरकतं. जीपीएस मॉड्यूलचा सेकंदाला एक येणारा ठोका दुसऱ्या इंटरप्टला दिला की सरकणं मोजता येतं.

दर मिनिटाला वेगळी ओळ: तिन्ही पाट्यांचे एकटे दर, जोडठोके, टाकलेले ठोके, बफर भरल्यानं गेलेले, डोळे उघडे असलेला एकूण वेळ, तापमान, बायस, बॅटरीचा व्होल्टेज. एकटे दर मोजायला जोडठोक्याचा इंटरप्ट वापरू नका. ७४एचसी४०४० सारखा बाहेरचा मोजक लावा, म्हणजे प्रोग्राम अडला तरी ते थांबणार नाहीत. दर काढताना भागाकार घड्याळाच्या वेळेनं करू नका, डोळे उघडे असलेल्या वेळेनं करा.

सलग सात रात्री अशा भरल्या, एकटे दर तापमानासोबतच हलले आणि अंतरांचा आलेख सुळक्याविना घसरता आला, की मग यंत्र चिखलदऱ्याला न्या. ते १,१०० मीटरच्या वर आहे. तिथे आणि खाली गावात, दोन्हीकडे किमान हजार-हजार जोडठोके, उंबरठा तोच, कोन तोच, बायस तापमानाप्रमाणे दुरुस्त. वरचा दर जास्त यायला हवा. दोन्ही ठिकाणची मिनिटांची ओळ शेजारी शेजारी ठेवून आधी एकटे दर, मग आंधळी वाहिनी आणि सर्वांत शेवटी जोडठोके पाहा.